रेल्वेचे बफर धक्का कसा पचवतात? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्याच्या फलाटावर थोडा वेळ उभे राहिलात, तर डबे जोडण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा नजरेसमोरून जातात. लोकलच्या तोंडाला मधोमध एकच कपलर असतो. जुन्या निळ्या, म्हणजे आयसीएफ, डब्यांना दोन बाजूंना दोन गोल थाळ्यांसारखे बफर आणि मध्ये स्क्रू कपलिंग असते. नव्या लाल एलएचबी डब्यांना बाजूचे बफर नाहीत, आणि मालगाडीच्या वॅगनींना मुठीसारखी जाड नकल असते. चारही जोडण्यांचे काम एकच: ओढणे, ढकलणे आणि धक्का पचवणे. यार्डात नव्याने लागलेली मुले, न्हावा शेव्याहून माल पाठवणारे आणि रोज गचके खाणारे प्रवासी जे विचारतात, त्याची उत्तरे खाली आहेत.

बफर धक्का थांबवतो म्हणजे नेमके काय करतो?

थांबवत नाही, लांबवतो. मोऱ्याच्या बंदराला लाँच लागते तेव्हा कडेला लटकवलेले जुने टायर दबतात. लाँच तितकीच जड असते आणि वेगही तोच असतो, तरी दणका बसत नाही. थांबायला चार इंच जास्त मिळाले, एवढाच फरक.

रेल्वेत हाच हिशेब आकड्यांत मांडता येतो. भरलेली वॅगन ८० टनांची आणि तिचा वेग ताशी ५ किमी धरा. तिच्यातली गतिज ऊर्जा सुमारे ७७ किलोज्यूल होते. ती वॅगन न हलणाऱ्या भिंतीवर आपटून १० मिमीत थांबली, तर सरासरी बल ७८० टनांच्या वर जाते. तीच वॅगन १०० मिमीत थांबली, तर ७८ टनांच्या आसपास. वॅगन तीच, वेग तोच, आणि बल दहा पटींनी उतरले. हे १०० मिमी मिळवून देणे हे बफरचे पहिले काम. दुसरे काम तितकेच महत्त्वाचे आहे, पण बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

मग एक मोठी, मऊ स्प्रिंग बसवून भागणार नाही का?

नाही, आणि दुसरे काम हेच. साध्या गुंडाळीच्या स्प्रिंगने घेतलेली ऊर्जा ती जवळजवळ सगळी परत देते. वॅगन येऊन आदळते, स्प्रिंग दबते, आणि पुढच्या क्षणी वॅगन मागे फेकली जाते. अशा अठ्ठावन्न वॅगनी एकामागे एक जोडल्या, तर एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येईल आणि गाडी हेलकावे खात राहील. कपलिंग ताणाखाली तुटते ते बऱ्याचदा अशा उलट हिसक्यात.

म्हणून ऊर्जा नुसती साठवून चालत नाही, ती मारावी लागते, म्हणजे उष्णतेत बदलावी लागते. त्याच्या चार रीती आहेत. रबराच्या चकत्यांत ऊर्जा रबराच्या आतल्या घर्षणात मरते. साधे, स्वस्त, पण परतफेड बरीच. रिंग स्प्रिंगमध्ये उताराच्या कडा असलेली पोलादी कडी एकमेकांत घुसतात आणि घासतात. त्यात सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा उष्णता होऊन जाते. वॅगनीच्या ड्राफ्ट गिअरमध्ये, म्हणजे कपलरमागच्या धक्का घेणाऱ्या भागात, पोलादी पाचरी आणि सरकते ठोकळे (शू) गिअरच्या कवचाच्या आतल्या भिंतीवर दाबून सरकतात. हायड्रॉलिक बफरमध्ये तेल बारीक भोकातून ढकलले जाते. त्याचा विशेष असा की जितक्या जोरात आपटाल तितका तो कडक होतो आणि हळू दाबाल तर मऊ राहतो. पाचरीच्या किंवा रबराच्या गिअरला हे तितकेसे जमत नाही.

निळ्या डब्याच्या बाजूच्या बफरच्या आत काय असते?

डब्याच्या टोकाला जो जाड आडवा तुळईसारखा भाग दिसतो, तो हेडस्टॉक. त्याला बोल्टांनी घट्ट बसवलेले नळकांडे म्हणजे केसिंग. त्यात मागेपुढे सरकणारा, पुढे थाळी असलेला दांडा म्हणजे प्लंजर. प्लंजरच्या मागे रबराच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी पत्रे, अशी चळत असते. पूर्वी तिथे गुंडाळीच्या स्प्रिंगा असत.

दोन आकडे पाठ असू द्या. पूर्ण दबण्याची लांबी, म्हणजे स्ट्रोक, १२७ मिमी. आणि हेडस्टॉकपासून थाळीच्या तोंडापर्यंतचे अंतर नव्यात ६३५ मिमी. ते ५८४ मिमीच्या खाली गेले की बफर बाद. दोन बफरच्या मध्यांमधले अंतर भारतीय ब्रॉडगेजवर १९५६ मिमी असते. युरोपात रूळच अरुंद आहेत, तिथे ते १७५० मिमी. म्हणून तिकडचा डबा इकडे आणून नुसती चाके बदलली तरी बफर जुळणार नाहीत.

दोन डबे एकमेकांवर आले तर प्रत्येक बफरच्या वाट्याला किती ऊर्जा येते?

इथे हिशेबात एक मेख आहे. चालता डबा उभ्या डब्यावर आला, तर त्याची सगळी ऊर्जा बफरवर येत नाही. उभा डबाही पुढे ढकलला जातो. दोन्ही सारख्या वजनाचे असतील आणि उभ्याचे ब्रेक सुटे असतील, तर निम्मी ऊर्जा दोघांच्या पुढच्या हालचालीत राहते आणि निम्मी बफरना घ्यावी लागते.

५० टनांचा डबा ताशी ८ किमीने तेवढ्याच वजनाच्या उभ्या डब्यावर आला, तर बफरवर ६२ किलोज्यूल येतात. भिडणारे बफर चार, दोन या डब्याचे आणि दोन त्या डब्याचे. म्हणजे प्रत्येकी सुमारे १५ किलोज्यूल. पण हे रूळ सरळ असेल आणि चारही बफर शाबूत असतील तर. एक बफर मेलेला असेल, तर त्या बाजूचे सगळे ओझे समोरच्या एकट्यावर जाते. शिवाय डबा तिरका होतो, ते वेगळेच.

युरोपातल्या बाजूच्या बफरची वर्गवारीच मुळी ऊर्जेवर आहे: अ वर्ग किमान ३० किलोज्यूल, ब वर्ग ५०, क वर्ग ७०. घातक माल वाहणाऱ्या टँक वॅगनींना त्याच्याही पुढे जाऊन, स्ट्रोक संपला की स्वतः चुरगळणारे बफर लावतात. ते एकदाच वापरायचे, पण टाकी वाचते.

वॅगनीचा ड्राफ्ट गिअर किती सोसतो?

इथे थोडे थांबून हिशेब करू या, कारण यार्डातला सगळा वाद इथेच सुटतो.

मालगाडीच्या वॅगनीत बाजूचे बफर नसतात. मधल्या नकलीच्या मागे, सेंटर सिलच्या (वॅगनीच्या मधल्या लांब तुळईच्या) पोकळीत, योक नावाच्या चौकटीच्या कवेत ड्राफ्ट गिअर बसतो. ओढताना आणि ढकलताना, दोन्ही वेळा तोच दबतो. त्याचा प्रवास साधारण ८३ मिमी. दोन वॅगनी भिडल्या की दोन गिअर मिळून १६६ मिमी.

आता ८० टनांची एक वॅगन ८० टनांच्या उभ्या वॅगनीवर सोडा. ताशी ३ किमीने आली तर दोन्ही गिअरवर मिळून १४ किलोज्यूल. ताशी ५ किमीने ३९. ताशी १० किमीने १५४. वेग ५ वरून १० झाला, दुप्पटच, पण ऊर्जा चौपट. १६६ मिमीवर वाटले तर ताशी ५ किमीला सरासरी बल २४ टनांच्या आसपास येते आणि ताशी १० किमीला ९५ टनांच्या. आणि ही सरासरी आहे. शेवटच्या काही मिलिमीटरांत बल याच्या कितीतरी वर चढते.

गिअरचा प्रवास संपला की पोलादाला पोलाद भिडते. इंग्रजीतला ‘सॉलिड’ हा शब्द यार्डात यासाठीच वापरतात. त्यानंतर उरलेली ऊर्जा कुठे जाते? कपलरच्या दांड्यात, योकमध्ये, गिअरला मागून अडवणाऱ्या बॅक स्टॉपच्या रिव्हेटांत, सेंटर सिलच्या वेल्डमध्ये, आणि आतल्या मालात. तडा त्याच दिवशी दिसतोच असे नाही. दहा वेळा असे आपटले की अकराव्या वेळी साध्या ओढीत कपलर सुटतो, आणि दोष त्या दिवशीच्या लोको पायलटवर येतो. हे अन्यायाचे आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

मग शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे-वॅगनी हलवून जोडताना, वेग किती ठेवावा?

नियमाने शंटिंगची कमाल मर्यादा ताशी १५ किमी आणि स्फोटकांसारख्या मालाला ताशी ८ किमी. पण ही हालचालीची मर्यादा आहे, भिडण्याच्या क्षणाची नव्हे. वरचे आकडे बघा: भिडताना माणसाच्या सावकाश चालीपेक्षा जास्त वेग नको, म्हणजे ताशी ३ किमीच्या आसपास. इंजिन गाडीवर घेताना सुमारे २० मीटर अलीकडे पूर्ण थांबायचे, नकल उघडी आणि सरळ आहे का ते पाहायचे, मग पॉइंट्समनच्या (जोडणी करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) हातवाऱ्यावर सरकायचे. पावसाळ्यात रूळ ओले असले की ब्रेक उशिरा धरतो. तेव्हा थांबण्याची जागा आणखी अलीकडे धरा.

कुठलाही बफर वेगाची चूक भरून काढत नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि बफरची क्षमता जागच्या जागी राहते.

लोकलला बफर का दिसत नाहीत?

लोकलचे डबे रोज जोडत-सोडत नाहीत. रेक तीन किंवा चार डब्यांच्या युनिटांनी बनतो आणि युनिटच्या आतले डबे जवळजवळ कायमच्या कपलरने बांधलेले असतात. ते सोडवायचे म्हणजे कारशेडमध्ये, कळव्याला किंवा सानपाड्याला, बोल्ट काढून. युनिटांच्या टोकाला आपोआप जुळणारा कपलर असतो. या दोन्ही प्रकारांत धक्का घेणारा भाग कपलरच्या दांड्यामागेच असतो, बाहेरून थाळी दिसत नाही. सांध्यात मोकळा वाव फारच कमी, म्हणून बारा किंवा पंधरा डब्यांची लोकल सुटताना टोकापासून टोकापर्यंत एकदमच हलते.

लोकलमध्ये गचका बसतो तो बहुतेक वेळा सांध्याचा नसतो. ब्रेक एका डब्यात जरा आधी आणि दुसऱ्यात नंतर लागला किंवा सुटला, की तसा हिसका येतो.

मग एलएचबी गाडीत सुटताना दणका का बसतो? जुन्या गाडीत तर बसत नव्हता.

जुन्या डब्यात स्क्रू आवळून बफर एकमेकांवर दाबून ठेवतात. ओढीसाठी हुकमागची रबरे आधीच ताणलेली असतात आणि ढकलीसाठी बफर आधीच दबलेले. मोकळा वाव जवळजवळ शून्य. एलएचबीत नकलीला नकल अडकते. तिथे मुळातच थोडा वाव राहतो, आणि घासून घासून तो वाढतो. इंजिनाने ओढ घेतली की आधी तो वाव संपतो, मग डबा एकदम हिसकला जातो. बावीस डबे असतील तर शेवटच्या डब्यापर्यंत जाताना हिसका वाढलेला असतो.

यावर उपाय म्हणून बॅलन्स्ड ड्राफ्ट गिअर आले. त्यात ओढीच्या आणि ढकलीच्या, अशा दोन्ही बाजूंनी गिअर आधीच दाबून बसवलेला असतो, त्यामुळे मधला मोकळा टप्पा राहत नाही. बाकी अर्धा उपाय लोको पायलटच्या हातात: पहिली काही मीटर गाडी ताणून घ्यायची, मग जोर द्यायचा.

दणका बसतो म्हणून एलएचबीला नावे ठेवू नका. तिचा कपलर घट्ट जुळणारा आणि न चढणारा आहे. अपघातात एक डबा दुसऱ्याच्या डोक्यावर चढण्याचा धोका त्याने खूप कमी होतो. बाजूच्या बफरच्या डब्यात थाळ्या वरखाली झाल्या की डबा चढतो, आणि चढलेला डबा माणसे चिरडतो. सुटतानाच्या दोन गचक्यांच्या बदल्यात हे संरक्षण मिळत असेल, तर सौदा चांगलाच आहे.

वळणावर बफर कसे वागतात?

आतल्या बाजूचे दबतात, बाहेरच्या बाजूचे सुटतात. आयसीएफ डब्याची बफरसकट लांबी सुमारे २२.३ मीटर. १० अंशांच्या तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर. अशा वळणावर शेजारच्या दोन डब्यांमध्ये सुमारे सव्वासात अंशांचा कोन होतो, आणि १९५६ मिमीच्या रुंदीवर आतल्या व बाहेरच्या फटीत जवळजवळ २५० मिमीचा फरक पडतो. म्हणजे आतल्या बाजूला सव्वाशे मिमी दबायला हवे, दोन बफर मिळून; प्रत्येकी बासष्ट. १२७ मिमीच्या स्ट्रोकमधला निम्मा नुसत्या वळणानेच खाल्ला. त्याच जागी धक्का बसला तर उरलेल्या निम्म्यावर भागवायचे.

म्हणून स्क्रू कपलिंग आवळायचे ते सरळ रुळावर. वळणावर आवळले, तर सरळ रुळावर आल्यावर ते ढिले निघते किंवा जास्त ताणले जाते.

स्क्रू कपलिंग नीट आवळले हे कसे ओळखायचे?

काम या क्रमाने होते. इंजिन किंवा डबा हळूच भिडवून बफर दबवायचे आणि गाडी पूर्ण थांबू द्यायची. मगच माणसाने आत जायचे, वाकून, बफरच्या खालून. कपलिंगची कडी समोरच्या हुकात टाकायची. मधल्या स्क्रूला एका बाजूला डावे आणि दुसऱ्या बाजूला उजवे आटे असतात, म्हणून दांडी फिरवली की दोन्ही कड्या एकदम जवळ येतात. बफरच्या थाळ्या भिडेपर्यंत फिरवायचे, मग थाळ्या थोड्या दबेपर्यंत आणखी. शेवटी दांडी लोंबती न ठेवता खाली अडकवून ठेवायची, नाहीतर गाडीच्या हादऱ्याने स्क्रू उलटा फिरतो. त्यानंतर ब्रेकची रबरी नळी जोडायची. सोडताना उलट क्रम, नळी आधी.

आवळलेल्या जोडणीत दोन थाळ्यांमध्ये कागद सरकता कामा नये. फट दिसत असेल तर जोडणी ढिली आहे, आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत हजारदा दणके बसणार.

बफरची उंची एवढी काटेकोर का मोजतात?

रुळाच्या माथ्यापासून बफरच्या मध्यापर्यंत रिकाम्यात जास्तीत जास्त ११०५ मिमी आणि भरल्यावर कमीत कमी १०३० मिमी. हा पट्टा ७५ मिमीचा आहे. एका डब्याचा बफर वरच्या टोकाला आणि शेजारच्याचा खालच्या टोकाला असेल, तर थाळी थाळीला अर्धवटच भिडते. बल मध्यातून न जाता कडेने जाते, प्लंजर केसिंगमध्ये तिरका अडकतो, आणि बल वाढले की एक थाळी दुसरीवरून घसरते.

उंची कमी होण्याचे नेहमीचे कारण चाक आहे. आयसीएफचे नवे चाक ९१५ मिमी व्यासाचे. कातून कातून ते ८६३ वर आले की व्यास ५२ मिमीने घटतो आणि डबा २६ मिमीने खाली बसतो. तेवढ्याच जाडीची पॅकिंग रिंग बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, स्प्रिंगखाली घालून उंची परत आणतात. रिंगा १३, २६, ३८ आणि ४८ मिमीच्या मिळतात. रिंग एका बोगीला घातली आणि दुसरीला विसरली, तर डबा एका टोकाला झुकलेला राहतो. म्हणून चारही बफरची उंची मोजून वहीत लिहायची, एका कोपऱ्याची मोजून चार आकडे भरायचे नाहीत.

उंची सपाट, सरळ रुळावरच मोजा. खडी खचलेल्या जागी घेतलेले माप निरुपयोगी.

बफरमध्ये काय काय बिघडते, आणि ते डोळ्याने दिसते का?

बरेचसे दिसते. पिट लाइनवर (डब्याखालून तपासणीसाठी खड्डा असलेल्या रुळावर) टॉर्च घेऊन बसलात तर पुढच्या गोष्टी सांगता येतील.

डेड बफर: दबल्यावर परत बाहेर येत नाही. आतले रबर थकलेले किंवा तुकडे झालेले असते. शेजारच्या बफरच्या तुलनेत थाळी आत दिसते. टेपने मोजा, ५८४ पेक्षा कमी भरले तर बदला. थकलेले रबर हाताला कडक लागते, कडेला भेगा असतात, आणि केसिंगच्या तळाशी काळा भुगा साचतो.

ड्रूपिंग बफर: थाळी खाली झुकलेली. प्लंजर आणि केसिंग यांच्यातली घासण्याची जागा झिजली की प्लंजर स्वतःच्या वजनाने नाक खाली घालतो. अशा बफरची थाळी समोरच्या थाळीच्या खालच्या कडेवर भिडते, आणि त्या कडेला चंद्रकोरीसारखी चकाकी येते. निरोगी थाळीची चकाकी मध्याभोवती गोल असते. ही चकाकी वाचायला शिका. मोजपट्टीच्या आधी ती सांगते.

केसिंगचे बोल्ट: ढिल्या बोल्टाच्या नटाभोवती गंजाची तांबूस पूड दिसते. आमच्याकडे पावसाळ्यात आणि खाडीच्या खाऱ्या हवेत सगळीकडेच गंज असतो, म्हणून नुसता रंग पाहू नका, हातोडीने टिचकी द्या. घट्ट बोल्ट खणखणतो, ढिला बद्द वाजतो.

प्लंजर खरोखर किती दबतो आहे हे कळायचे असेल, तर केसिंगच्या तोंडाशी प्लंजरवर खडूची रेघ मारून एक फेरी होऊ द्या. रेघेपासून पुढे किती लांब पुसले गेले ते मोजा. एका बाजूची पुसट लांबी दुसरीपेक्षा खूप जास्त आली, तर एक बफर काम करत नाही, त्याचे ओझे दुसरा उचलतो आहे.

ड्राफ्ट गिअर आत दडलेला असल्याने असा दिसत नाही. तिथे बार घालून कपलर पुढेमागे हलवून पाहतात. सैल हलत असेल तर गिअर दबून निकामी झाला आहे किंवा त्याला टेकलेली पोलादी पाटी (फॉलोअर) झिजली आहे. नकलीच्या बाबतीत जोडल्यावर लॉक पूर्ण खाली बसले का, हे खालून पाहायचे आणि इंजिनाने हलकी ओढ घेऊन खात्री करायची. पूर्ण न बसलेले लॉक पहिल्या चढावर सुटते.

कसाऱ्याच्या घाटात गाडीला मागून इंजिन लावतात तेव्हा बफरवर काय येते?

घाटात चढ ३७ ला १. हजार टनांच्या गाडीला नुसत्या चढासाठी २७ टन ओढ लागते. वळणांचे आणि चाकांचे घर्षण वेगळे. सगळे पुढून ओढले तर पहिल्या कपलिंगवर हा सगळा ताण येतो. मागचे इंजिन, म्हणजे बँकर, ढकलते तेव्हा गाडीचा पुढचा भाग ताणात आणि मागचा भाग दाबात असतो. मध्ये कुठेतरी एक जागा अशी येते जिथे ना ताण ना दाब. पुढच्या आणि मागच्या इंजिनांचा जोर कमीजास्त झाला की ही जागा गाडीभर मागेपुढे सरकते, आणि ती जिथून जाते तिथला प्रवासी गचका खातो.

वळणावरचा दाब जास्त जोखमीचा. आतल्या बाजूचे बफर आधीच दबलेले असतात, त्यात मागून ढकल. म्हणून दोन्ही इंजिनांचा समन्वय हा तिथला खरा कौशल्याचा भाग.

न्हावा शेव्याच्या कंटेनर गाड्यांत वॅगनींमध्ये कपलर कमी दिसतात, ते का?

पाच वॅगनींचे एक युनिट असते. युनिटच्या दोन बाहेरच्या टोकांनाच नकलीचे कपलर, आत मात्र स्लॅकलेस ड्रॉबार: वाव नसलेला सलग दांडा. ४५ वॅगनींच्या गाडीत ९ युनिटे, म्हणजे वॅगनींमधल्या ४४ सांध्यांपैकी ३६ सांधे वावाविना आणि फक्त ८ नकलीचे. साध्या अठ्ठावन्न वॅगनींच्या गाडीत प्रत्येक सांध्यात, गिअरसकट, ७५ मिमी वाव धरला तरी ५७ सांध्यांत सव्वाचार मीटर होतात. शेवटची वॅगन तेवढे अंतर मोकळी धावून मग आपटते. कंटेनर गाडीत हा प्रकार बराचसा मिटतो. तोटा एकच: युनिटमधली एक वॅगन नादुरुस्त झाली, तर पाचही बाजूला काढावी लागतात.

आमचा माल तळोज्याहून कंटेनरमध्ये जातो. आत बांधणी किती जोराची हवी?

कंटेनर भरण्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेत रेल्वेसाठी लांबीच्या दिशेने वजनाच्या निम्मे बल धरतात. क्षणभरच टिकणाऱ्या धक्क्यांसाठी वजनाइतके. वरच्या हिशेबाशी जुळवून पाहा: ताशी ५ किमीला २४ टन बल ८० टनांवर, म्हणजे वजनाच्या तीस टक्के, ताशी १० किमीला वजनाहून थोडे जास्तच.

२० टन माल असेल तर दाराकडच्या बाजूला किमान १० टन सोसेल असा अडसर हवा. कंटेनरचे दार हा अडसर नव्हे. मालाच्या आणि भिंतीच्या मध्ये रिकामी जागा ठेवू नका. लाकडी ठोकळे किंवा हवेच्या पिशव्या भरा. फट १० सेंटिमीटर असली तरी माल त्या १० सेंटिमीटरांत वेग घेतो आणि मग आपटतो, अगदी ढिल्या कपलरच्या वॅगनीसारखा. ड्रम आणि पोलादी कॉइल यांना खाली रबरी पट्टी घाला, नुसता पट्टा पुरत नाही.

टर्मिनसच्या शेवटी जे बफर असतात, ते पूर्ण वेगाची गाडी अडवतात का?

नाही. ६०० टनांची लोकल ताशी १० किमीने आली तर २,३०० किलोज्यूल ऊर्जा. दोन मीटर दबणाऱ्या हायड्रॉलिक बफरने ती घेतली तर सरासरी बल ११८ टन. सोसण्यासारखे. तीच गाडी ताशी २० किमीने आली तर ऊर्जा ९,३०० किलोज्यूलच्या आसपास, आणि कुठलाही साधा हायड्रॉलिक बफर ती दोन मीटरांत घेऊ शकत नाही. २८ जून २०१५ रोजी चर्चगेटला एक लोकल शेवटचा अडथळा ओलांडून फलाटावर चढली, ते याच मर्यादेपलीकडचे उदाहरण.

जिथे जागा आहे तिथे रुळांवर घट्ट चिमटलेले, घासत मागे सरकणारे अडथळे वापरतात. ते कित्येक मीटर सरकतात आणि ऊर्जा घर्षणात मारतात. अडथळ्याचे तोंड येणाऱ्या गाडीशी जुळावे लागते. लोकलचा मधला कपलर आणि एक्स्प्रेसच्या इंजिनाचे बाजूचे बफर एकाच जागी भिडत नाहीत.

दोन डब्यांच्या मधून ओलांडलेले चालते का? गाडी तर उभीच असते.

नाही, कधीच नाही. उभ्या गाडीला दुसऱ्या टोकाने इंजिन लागले की वर सांगितलेला सगळा वाव अर्ध्या सेकंदात संपतो, आणि तो धक्का तुमच्या सांध्यापर्यंत येताना शिटी वाजत नाही. मालगाडीच्या नकलीवर पाय ठेवून पलीकडे जाणारे लोक दिव्यापासून तुर्भ्यापर्यंत रोज दिसतात. नकल दहा सेंटिमीटर सरकली तरी पाय जातो. पादचारी पूल लांब असला तरी त्यावरूनच जा, आणि मुलांना हे नीट समजावून सांगा.

इंजिनाला बाजूचे बफर आणि नकल दोन्ही का असतात?

कारण त्याला दोन्ही प्रकारच्या गाड्या ओढायच्या असतात. एलएचबीला लागताना नकल काम करते आणि बाजूचे बफर नुसते बाहेर राहतात. आयसीएफला लागताना नकलीत संक्रमण कपलिंग बसवून स्क्रू अडकवतात आणि बफर भिडतात. संक्रमण कपलिंग बसवल्यावर त्याची पिन आणि पिनचा अडसर दोन्ही जागेवर आहेत का, हे हात लावून पाहा. अंधारात नुसत्या टॉर्चने ते कळत नाही.